एक लिटर सहा पॉईंट दोन, दोन लिटर आठ

जबाब
दिनांक १० जुलै २००७, वेळ दुपारी १२.२०, पोलीस ठाणे, कोल्हापूर

मी, सोनूबाई भाऊसो मधाळे, वय ४६ वर्षे, धंदा – सचिव, प्रज्ञा महिला दूध संस्था, शिवाय घरी दोन म्हशी, शिक्षण सातवी पास, धर्म बौद्ध, रा. सिद्धार्थनगर, कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर,

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती भाऊसो व मुलगी दीप्ती, वय २२, यांच्यासह राहते. पती इचलकरंजीत यंत्रमागावर कामास आहेत. दीप्ती आमची एकुलती एक मुलगी असून तिने कसबा बावडा येथील कै. तात्यासो भोगम कृषी महाविद्यालयातून शेतीची चार वर्षांची पदवी यंदा पूर्ण केली. माझ्या माहेरी व सासरी मिळून पदवीपर्यंत गेलेली ती पहिली आहे.

दि. १८ जून रोजी सदर कॉलेजच्या परीक्षा विभागातील लिपिक श्री. पिराजी वरुटे यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला की, मी कार्यालयात येऊन आरडाओरडा केला, आवक-जावक रजिस्टरवर दूध ओतले आणि कामात अडथळा आणला. तो अर्ज मला आज वाचून दाखवला. त्यातील आरडाओरडा केल्याचे खरे आहे. दूध ओतल्याचे खरे नाही. झालेली हकीकत अशी.

गुरुवार दि. १४ जून रोजी दीप्ती कॉलेजात जाऊन शेवटचे गुणपत्रक घेऊन आली. ती संध्याकाळी साडेपाचच्या एसटीने आली. आल्यावर पास झाले एवढेच म्हणाली. मी साखर वाटायला डबा काढला तर म्हणाली, "आई, शेजारी नको वाटू, आपल्यातच खाऊ." मग ती म्हशींना वैरण टाकते म्हणून गोठ्यात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेले. ती म्हशीच्या पाठीला डोके लावून उभी होती. मी तशीच मागे फिरले आणि चुलीपाशी येऊन भांडी वाजवली, म्हणजे तिला डोळे पुसायला वेळ मिळावा. मी पाहिले हे मुलीला मी आजपर्यंत सांगितलेले नाही.

रात्री जेवताना तिच्या वडिलांनी विचारल्यावर तिने सांगितले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बियाणे तयार करणारी एक कंपनी आहे. तिथे प्रयोगशाळेत जागा निघाली होती. सत्तर टक्क्यांच्या आतील अर्ज घेणार नाही असे जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते. अर्जाची शेवटची तारीख गुरुवार दि. २१ जून, संध्याकाळी पाच. दीप्तीच्या कॉलेजात टक्के देत नाहीत. दहापैकी पॉईंट देतात आणि त्याला दहाने गुणले की टक्के होतात. तिचे चार वर्षांचे मिळून सहा पॉईंट चौऱ्याण्णव आले होते. म्हणजे एकोणसत्तर पॉईंट चार टक्के.

पती म्हणाले, "एकोणसत्तर काय आनि सत्तर काय, पास हायस की पोरी. दुसरी जागा निघंल." ती हो म्हणाली. जेवली नाही.

शुक्रवार दि. १५ रोजी सकाळचे दूध संकलन आटोपून मी संस्थेच्या टेबलाशी बसले होते. दीप्ती डबा घेऊन आली तेव्हा मी तिला ते गुणपत्रक आणायला सांगितले. आपली मुलगी चार वर्षे काय करत होती त्याचा कागद डोळ्यांनी बघावा एवढाच हेतू होता. गुणपत्रक इंग्रजीत आहे, परंतु आकडे मला वाचता येतात. त्यात आठ ओळी होत्या, वर्षाला दोन परीक्षा याप्रमाणे. प्रत्येक ओळीत एक मोठा आकडा आणि एक पॉईंटचा आकडा. अठरा, सहा पॉईंट दोन. वीस, सात. बावीस, सात पॉईंट पाच. असे करत सातव्या ओळीत वीस, आठ. शेवटच्या ओळीत दहा, सहा पॉईंट दोन.

मी म्हटले, "ही तर म्हशीच्या दुधाची चिठ्ठी हाय की गं. हे लिटर आनि ही फॅट."

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "लिटर न्हवं आई, क्रेडिट. त्या सहामाहीत अभ्यास किती होता त्याचं वजन. शेवटच्या सहामाहीत कमी होता म्हणून दहाच. सातव्या सहामाहीत गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम केलं, ते वीसचं."

मी म्हटले, "म्हंजे लिटरच."

याबाबत खुलासा विचारल्यावरून सांगते की, आमच्या संस्थेत रोज साठ-बासष्ट बायका दूध घालतात. प्रत्येकीचे लिटर आणि फॅट मी लिहिते. सगळ्या दुधाची मिळून फॅट काढायची तर प्रत्येकीचे लिटर व फॅट यांचा गुणाकार करायचा, सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण लिटरने भागायचे. नुसत्या फॅटची बेरीज करून बायकांच्या संख्येने भागले तर उत्तर चुकते, कारण अर्धा लिटर घालणारी आणि दहा लिटर घालणारी सारखी धरली जाते. तसे केले तर टँकरवाल्याच्या तपासणीशी मेळ बसत नाही आणि बायका माझ्या नावाने शंख करतात. हे काम मी अकरा वर्षे करते आहे.

त्याप्रमाणे मी संस्थेच्या कॅल्क्युलेटरवर आठ ओळींचे गुणाकार केले. बेरीज एक हजार एकावन्न पॉईंट दोन आली. क्रेडिट एकूण दीडशे. भागाकार सात पॉईंट शून्य शून्य आठ. म्हणजे सात पॉईंट शून्य एक. मी दोनदा केले. मग दीप्तीने केले. तिचेही तेच आले. त्यानंतर तिने आठही पॉईंट नुसते मिळवून आठने भागून पाहिले, तेव्हा सहा पॉईंट चौऱ्याण्णव आले. म्हणजे कॉलेजने बायका मोजल्या होत्या, लिटर मोजले नव्हते. गुणपत्रकाच्या पाठीमागे बारीक अक्षरात नियम छापला होता. तो तिने मला वाचून मराठीत सांगितला. क्रेडिटने गुणून मगच भागायचे असे त्यात स्वच्छ होते.

सत्तर पॉईंट एक टक्के होत होते.

शनिवार दि. १६ रोजी दीप्ती एकटी कॉलेजात गेली. खिडकीवर वरुटे साहेब होते. त्यांनी तिला सांगितले की यंदापासून सगळे कॉम्प्युटरवर केले आहे, कॉम्प्युटर चुकत नाही, आणि सोमवारी तक्रार अर्ज आणून दे, महिनाभरात कळवू. ती दुपारी परत आली आणि म्हणाली, "आई, जाऊ दे. शून्य पॉईंट सातसाठी कोण भांडत बसणार."

मी म्हटले, "शून्य पॉईंट सात न्हाय, तुझी चार वर्षं हायत ती."

रविवारी आमच्यात त्या विषयावर बोलणे झाले नाही.

सोमवार दि. १८ रोजी सकाळी संकलनाला त्रेसष्ट बायका आल्या. मी प्रत्येक दुधाची फॅट बघत होते. त्यात बनाबाईच्या म्हशीचे दूध बरोबर आठ फॅटचे लागले आणि माझ्या लहान म्हशीचे सहा पॉईंट दोन. दीप्तीच्या शेवटच्या दोन ओळी तशाच होत्या. मी बनाबाईकडून दोन लिटर दूध एका किटलीत घेतले आणि माझे एक लिटर दुसऱ्या किटलीत. बनाबाई म्हणाली, "माझं दूध कालिजात जाणार व्हय? मग किटली घासून तर दे बाई, सायबलोक बघत्याली." तिने स्वतः राखेने किटली घासली. मी दोन्ही किटल्यांना ओले पोते गुंडाळले आणि पावणेआठच्या एसटीत बसले. दीप्ती माझ्यासोबत होती. तिला दूध नेण्याची लाज वाटत होती. ती दोन सीट सोडून बसली. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्या वयात मीही तेच केले असते.

कसबा बावडा येथे आम्ही दहा वाजता पोहोचलो. परीक्षा विभागाची खिडकी साडेदहाला उघडली. रांगेत सातआठ मुले होती. आमचा नंबर आल्यावर मी किटल्या खिडकीच्या फळीवर ठेवल्या आणि वरुटे साहेबांना नमस्कार केला. त्यांना म्हटले, "साहेब, माझ्या पोरीचा हिशोब चुकलाय. कागदावर तुमाला पटत न्हाय, तर हे दूध आनलंय. ही एक लिटर, सहा पॉईंट दोन. ही दोन लिटर, आठ. दोन्ही एकत्र केल्यावर फॅट किती लागंल ते सांगा."

वरुटे साहेब म्हणाले, "ही काय चहाची टपरी हाय? उचला ते."

मी म्हटले, "उचलते, आधी सांगा."

ते म्हणाले, "सहा पॉईंट दोन आनि आठ, सात पॉईंट एक. झालं? आता व्हा बाजूला."

मी म्हटले, "चुकलं. सात पॉईंट चार लागतंय. आठाचं दूध दुप्पट हाय की. पोरीच्या कागदात बी तुमी हेच केलंय."

यावर रांगेतील मुले हसली. मुले हसल्यामुळे साहेबांना राग आला असावा. ते म्हणाले की तुमच्यासारख्यांनी आम्हाला हिशोब शिकवायचा काय. त्यापुढे ते आणखी एक वाक्य बोलले. ते वाक्य मी या जबाबात सांगत नाही. दीप्तीने ते ऐकले नसावे, कारण ती रांगेच्या मागे उभी होती. त्यानंतर मी मोठ्या आवाजात बोलले. काय बोलले ते मला सगळे आठवत नाही. माझा आवाज मुळातच मोठा आहे, संस्थेत त्रेसष्ट बायकांच्या गलक्यात हाका मारायची सवय आहे.

त्या बोलाचालीत वरुटे साहेबांनी फळीवरून हात फिरवला आणि माझ्या एक लिटरची किटली आतल्या बाजूस कलंडली. निम्मे दूध रजिस्टरवर सांडले. ते मी ओतलेले नाही. साहेबांनी किटली मुद्दाम पाडली असेही माझे म्हणणे नाही. त्यांचा हात लागला. मी पदराने रजिस्टर पुसू लागले तर त्यांनी ते ओढून घेतले आणि खिडकी बंद केली. ते तसेच मोटारसायकल घेऊन बाहेर गेले. ते पोलीस ठाण्यात गेले हे मला तेव्हा माहीत नव्हते.

आवाज ऐकून समोरच्या इमारतीतून दुग्धशास्त्र शिकवणारे प्रा. विजयसिंह इंगवले तेथे आले. त्यांनी मला खुर्ची देऊन पाणी दिले आणि काय झाले ते विचारले. मी सांगितले. त्यांनी दीप्तीचे गुणपत्रक उभ्याउभ्याच पाहिले आणि पाठीमागचा नियम वाचला. त्यांना तेवढ्यानेच कळले होते असे मला वाटते. तरी ते म्हणाले, "बाई, दूध आणलंच आहे तर तपासूया. पण अर्धं सांडलं. आता प्रमाण मोडलं की."

मी म्हटले, "न्हाय सर. ह्यातलं अर्धा लिटर ऱ्हायलंय, तर त्यातलं एकच लिटर घ्या. दुप्पट ते दुप्पटच."

सरांनी प्रयोगशाळेत मापाने बरोबर अर्धा लिटर व एक लिटर घेतले. आधी दोन्ही दुधांची वेगवेगळी फॅट बघितली. माझी सहा पॉईंट दोन, बनाबाईची आठ. मग एकत्र करून ढवळले आणि मशीनला लावले. तोपर्यंत रांगेतली मुले आणि इतर वर्गातली मिळून वीसपंचवीस जण दारात जमले होते. दीप्ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. मशीनवर सात पॉईंट चार आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर मुलांना म्हणाले, "टाळ्या नंतर. आपापली गुणपत्रकं काढा."

तेथे त्यांच्या वर्गातील पाच जणांची गुणपत्रके पाहिली. पाचही चुकलेली होती.

दुपारी बारा वाजता सर आम्हाला प्राचार्यांकडे घेऊन गेले. प्राचार्यांनी कॉम्प्युटरवरचा तक्ता उघडायला लावला. पूर्वी हे काम हाताने होत असे व नियमाप्रमाणे होत असे. यंदा पहिल्यांदा कॉम्प्युटरवर करताना आठ आकड्यांची साधी सरासरी घालण्यात आली होती. ते कोणी घातले याची चौकशी मी केलेली नाही व मला करायची नाही. प्राचार्य मला म्हणाले, "बाई, एकेचाळीस मुलं आहेत. सगळ्यांचं परत करावं लागेल." मी म्हटले, "करा की मग. माझ्या पोरीचं गुरुवारी पाचला संपतंय."

दुपारी एकच्या सुमारास वरुटे साहेब परत आले. प्राचार्यांनी त्यांना आत बोलावून दार लावून घेतले. पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते टेबलाशी बसले, कॅल्क्युलेटर काढला, पहिले गुणपत्रक घेतले आणि दोनदा आकडे चुकवले. मी बाकावर बसले होते. आमची परतीची एसटी चारला होती. मी उठून त्यांच्यासमोर गेले आणि म्हटले, "साहेब, मी आकडं वाचते, तुमी बटनं दाबा. दोघं असलं की चूक व्हत न्हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. खुर्ची मात्र सरकवून दिली.

आम्ही दोघांनी दुपारी दीडपासून संध्याकाळी सहापर्यंत एकेचाळीस गुणपत्रके केली. मी वाचत होते, ते दाबत होते, दीप्ती लिहीत होती. चारची एसटी आम्ही सोडली. मध्ये साहेबांनी दोन वेळा चहा मागवला. दुसऱ्या चहाच्या वेळी म्हणाले, "तुमचा वाचायचा वेग भारी हाय." मी म्हटले, "दारात बायका खोळंबल्या की येतोय वेग."

एकेचाळीसपैकी एकोणीस जणांचे पॉईंट वाढले, सतरा जणांचे कमी झाले आणि पाच जणांचे होते तेवढेच राहिले.

मला याबाबत कोणी विचारलेले नाही, तरी पुढील गोष्ट लिहून घ्यावी. कमी झालेल्यांमध्ये संयोगिता नावाची दीप्तीची मैत्रीण होती. ती कुरुंदवाडचीच. चार वर्षे दोघी एकाच एसटीने जात होत्या. तिचे सात पॉईंट शून्य दोन होते, ते सहा पॉईंट सत्त्याण्णव झाले. शेवटच्या सहामाहीत तिला खूप चांगले पॉईंट पडले होते, परंतु ती सहामाही दहाच क्रेडिटची. तिनेही कागलच्या त्याच जागेसाठी अर्ज केला होता. तिचा आकडा कॅल्क्युलेटरवर आला तेव्हा दीप्तीने पेन खाली ठेवले. वरुटे साहेबांनी विचारले, "काय झालं?" दीप्ती म्हणाली, "परत करा." आम्ही परत केले. तेच आले. दीप्तीने ते लिहिले.

मंगळवारी संध्याकाळी संयोगिता आमच्या घरी आली. तिला कोणीतरी फोन करून सांगितले होते. ती म्हणाली, "मावशी, माझ्यासमोर करून दाखव." मी तिच्यासमोर तीन वेळा केले. तिन्ही वेळा सहा पॉईंट सत्त्याण्णव. ती कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "बरोबर हाय मावशी. माझंच चुकून वाढलं हुतं." दीप्तीने केलेला चहा ती पूर्ण प्यायली आणि कप विसळून ठेवून गेली. त्यानंतर दहा दिवस ती आमच्याकडे आली नाही. आता येते. ती पुढच्या शिक्षणाच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. आकडा खरा निघाला याचे मला वाईट वाटत नाही. त्या मुलीसमोर तिसऱ्यांदा बटणे दाबताना मात्र मला वाईट वाटले.

नवीन गुणपत्रक बुधवार दि. २० रोजी अकरा वाजता मिळेल असे प्राचार्यांनी सांगितले होते. दीप्ती बुधवारी जाऊन संध्याकाळपर्यंत थांबली. प्राचार्य कामासाठी बाहेरगावी गेल्याने सही झाली नव्हती. ती रिकाम्या हाताने परत आली. पती म्हणाले की ते स्वतः गुरुवारची हजेरी बुडवून कॉलेजात जातील. मी हो म्हटले, परंतु कुरुंदवाडहून बावडा, तिथून कागल आणि पाचच्या आत, हे कसे जुळणार ते मला दिसत नव्हते.

गुरुवार दि. २१ रोजी सकाळी सव्वासातला मी संस्थेत संकलनावर असताना एक मोटारसायकल दारात थांबली. वरुटे साहेब होते. अंगावर चिखल उडालेला होता. ते आदल्या संध्याकाळी प्राचार्यांच्या घरी जाऊन, ते येईपर्यंत थांबून सही घेऊन आले होते, आणि पहाटे कोल्हापुरातून निघाले होते. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुणपत्रक काढले आणि माझ्या हातात दिले. सात पॉईंट शून्य एक. शेजारी टक्के सत्तर पॉईंट एक, सही व शिक्का.

बायकांची रांग होती म्हणून मी त्यांना घरी पाठवले आणि काम बनाबाईच्या सुनेकडे देऊन मागोमाग गेले. साहेब आमच्या दारात उभे होते. पती त्यांना आत या म्हणत होते. साहेब चपला काढून आत आले, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, पाणी द्या." मी तांब्याभर पाणी दिले. ते सगळे त्यांनी पिऊन टाकले. मग म्हणाले, "त्या दिवशी माझ्या तोंडातनं जे गेलं—"

मी म्हटले, "चहात साखर किती टाकू?"

ते म्हणाले, "टाका तुमच्या हिशोबानं."

पती आणि दीप्ती यांना काय विषय आहे ते कळले नाही. मीही सांगितले नाही. साहेबांनी चहा घेतला, चपाती खाल्ली आणि जाताना दीप्तीला म्हणाले, "पोरी, तुझी आई आमच्या हापिसात पायजे हुती." दीप्ती म्हणाली, "मग आमची संस्था कुणी चालवायची?" यावर सगळे हसले.

पती व दीप्ती साडेआठच्या एसटीने इचलकरंजीमार्गे कागलला गेले आणि साडेअकरा वाजता अर्ज दिला. पोच मिळाली. सोमवार दि. २ जुलै रोजी मुलाखत झाली. त्यात काय विचारले ते दीप्तीने नीट सांगितले नाही. मी विचारले असता "बियांबद्दल" एवढेच म्हणाली. मात्र येताना तिने अर्धा किलो पेढे आणले होते. मी म्हटले, "अजून निकाल कुठं लागलाय?" ती म्हणाली, "लागू दे नाहीतर न लागू दे, मला खायचे हायत." शनिवार दि. ७ जुलै रोजी पोस्टाने पत्र आले. तिला घेतले आहे. सोमवार दि. १६ पासून कामावर हजर व्हायचे आहे. त्या दिवशी पती भर दुपारी माग बंद ठेवून घरी आले. एवढ्या वर्षांत ते असे कधी आले नव्हते. आल्यावर त्यांनी पत्र हातात धरले, ते उलटसुलट केले, आणि म्हशींना पाणी पाजायला निघून गेले. त्या वेळी म्हशी पाणी पिऊन बसल्या होत्या.

या पोलीस ठाण्यातून बोलावणे आल्यावर मला आश्चर्य वाटले. मी वरुटे साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, त्या गडबडीत अर्ज मागं घ्यायचा ऱ्हायला. माझीच चूक." तसे त्यांनी आज लेखी दिले आहे. ते सकाळपासून बाहेर बाकावर बसले आहेत आणि जबाब होईपर्यंत जाणार नाही असे म्हणतात. त्यांनी आपला जेवणाचा डबाही आणला आहे व तो दीप्तीला खायला लावला आहे.

वरुटे साहेबांविरुद्ध तुमची काही उलट तक्रार आहे काय, तसेच खिडकीवर ते काही अपमानकारक बोलले काय, असे मला विचारण्यात आले. त्यावर सांगते की, ते जे बोलले ते बोलले. मी ते ऐकले आहे व विसरलेले नाही. परंतु जो माणूस ते बोलला त्यानेच एकेचाळीस पोरांचा हिशोब माझ्यासमोर बसून दुरुस्त केला, त्यात माझ्या पोरीचा वाढवला आणि दुसरीचा कमीही केला, आणि चिखलातून चाळीस किलोमीटर येऊन तो माझ्या घरचे पाणी प्यायला. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. रजिस्टरचे जे पान खराब झाले ते दीप्तीने नवीन पानावर उतरवून दिले आहे.

एवढीच हकीकत आहे. मला संध्याकाळच्या संकलनाला पाचच्या आत पोहोचायचे आहे.

माझा चष्मा संस्थेत राहिल्याने आणि लिहून घेणाऱ्या हवालदार साहेबांना मध्येच बाहेर जावे लागल्याने, त्यांच्या परवानगीने हा जबाब मला माझी मुलगी दीप्ती हिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. वाचताना ती दोन ठिकाणी थांबली, एकदा गोठ्याच्या हकीकतीत आणि एकदा खिडकीच्या. लिहिण्यात काही चूक आहे काय असे मी तिला विचारले. ती नाही म्हणाली आणि पुढे वाचू लागली. मी सांगितले तसेच लिहिले आहे, खरे आहे, म्हणून खाली सही करते.

सही
सोनूबाई भाऊसो मधाळे

समक्ष
हवालदार, पोलीस ठाणे, कोल्हापूर